जुनी पॉन्टून घेतली काका, आता कुठून सुरुवात करू?

या खेपेला चार पत्रं आली आणि चारही पॉन्टूनचीच, म्हणजे पोकळ नळ्यांवर सपाट डेक टाकलेल्या बोटीची. साहजिक आहे म्हणा, मिनेसोटातल्या तळ्यांवरचा बर्फ एप्रिलात गेला रे गेला की आपल्या मंडळींना पाण्याची ओढ लागते आणि नवीन बोटीच्या किमती बघून सगळे जुनीकडे वळतात. मीही तसाच वळलो होतो. तर या अंकात दुसरं काही नाही, फक्त बोट.

काका नमस्कार. आम्ही प्लिमथला राहतो. ब्रेनर्डजवळच्या एका आजोबांकडून २००९ ची २२ फुटी पॉन्टून घेतली, ९० हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटर, ट्रेलरसकट. दोन वर्षं शेडमध्येच उभी होती म्हणाले. माणूस एकदम सज्जन, पण मॅन्युअल नाही, सर्व्हिसची बिलं नाहीत, नुसती किल्ली हातात दिली. मेमोरियल डेला सासू-सासरे नाशिकहून आलेले असतील, मित्रमंडळी धरून १४ जण मिनेटोंका तळ्यावर जायचं ठरलंय, बायकोचा मेन्यूपण ठरला. मी आजवर बोट चालवलीय ती महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर, पेडलवाली. कुठून सुरुवात करू?
— एक पुणेकर, प्लिमथ

अरे, मेन्यू ठरला आणि प्लेट वाचली नाहीस? तुला अरे-तुरे करतोय, चालेल ना. स्टिअरिंगच्या कन्सोलच्या आसपास कुठेतरी एक छोटी कपॅसिटी प्लेट असेल, त्यावर किती माणसं आणि एकूण किती पौंड ते लिहिलेलं असतं, आणि दोन्ही आकडे पाळायचे असतात. आपल्याकडे माणसं मोजतात पण कुकर, दोन कूलर, सतरंज्या आणि आमरसाचं पातेलं कोणी मोजत नाही. १४ जण बसत नसतील तर दोन फेऱ्या कर, पण त्याही मेमोरियल डेला नको, का ते पुढे सांगतो.

जुनी बोट घेतली म्हणजे तू आजोबांच्या सवयी विकत घेतल्यास. त्यांनी काय केलं आणि काय टाळलं ते सगळं बोटीवर लिहिलेलं असतं, फक्त वाचायला एक शनिवार-रविवार द्यावा लागतो, आणि तो ड्राइव्हवेवर, पाण्यात नाही.

आधी कुंडली काढ. बोटीच्या मागच्या बाजूला उजवीकडे १२ अक्षरी नंबर असतो, त्याचे शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष. तो टायटलच्या, म्हणजे मालकीच्या कागदाशी ताडून बघ. मोटरचा सिरीयल नंबर वेगळा असतो आणि मोटर बोटीच्याच वयाची असेल असं अजिबात नाही, मधे बदललेलीही असू शकते. फोर-स्ट्रोक आहे म्हणजे बऱ्याच कंपन्यांच्या मोटरला डीलर लॅपटॉप लावून किती तास चालली, त्यातले किती तास फुल स्पीडला, हे छापून देतो. थोडे पैसे घेतो, पण द्यावेत.

मग गिअरकेसचं तेल, आणि हे मी मोटर चालू करायच्या आधी सांगतोय. मोटरच्या खालच्या भागाला दोन स्क्रू असतात, एक तळाला, एक वर. खाली जुनी परात ठेव आणि तळाचा स्क्रू अगदी अर्धा-पाऊण फेरा सैल कर. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे बोट बरेच दिवस उभी असेल आणि आत पाणी गेलेलं असेल तर तेलाच्या आधी पाण्याचे थेंब येतात. मग तो पूर्ण काढ, वरचापण काढ, तेल गळू दे. काळपट किंवा हिरवट-निळसर आलं तर ठीक. टपरीवरच्या कटिंगच्या रंगाचं आलं तर समज की सील गेलंय आणि तेलात पाणी घुसळलं गेलंय. इथल्या थंडीत तेच पाणी गोठून गिअरकेसला तडा देतं, म्हणून हे आधी. माझ्या बोटीचं अगदी कटिंगच आलं होतं. प्रॉपेलर काढला तर आत शाफ्टला मासेमारीची नायलॉनची दोरी अशी गुंडाळलेली की संक्रांतीनंतर विजेच्या तारेला मांजा अडकतो ना, तशी. तिनेच सील कापलं होतं. आधीच्या मालकाने बहुतेक कधी प्रॉपेलर काढूनच बघितला नसावा. तू काढून बघ, एक नट असतो, त्याची पिन सरळ करायची आणि नट सोडवायचा, अर्ध्या तासाचं काम. नवीन तेल भरताना खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे टाकायचे.

दोन वर्षांचं पेट्रोल टाकीत असेल तर ते तसंच वापरू नकोस, हात जोडून सांगतो. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल, ते हवेतला ओलावा ओढतं आणि फार दिवस पडलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात, आणि मोटर नेमकं तळाचंच ओढते. वास घे, वॉर्निशसारखा आला तर सगळं काढून काउंटीच्या हॅझार्डस वेस्टला, म्हणजे घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन दे, फिल्टर बदल, आणि नवीन भरताना इथेनॉल नसलेलं ९१ ऑक्टेन भर. मिनेसोटात ते बऱ्याच पंपांवर मिळतं, पंपावरच स्टिकर असतो की हे बोटी, जुन्या गाड्या, मोटरसायकली असल्या गोष्टींसाठीच. महाग आहे. भर.

आता चालू कर, पण कोरडी नाही! गार्डन होजला जोडायचे दोन रबरी कप मिळतात, हेडफोनसारखे, मोटरच्या पाणी ओढायच्या जाळ्यांवर बसवायचे, नळ पूर्ण सोडायचा आणि मगच किल्ली फिरवायची. मागून पाण्याची एक धार आली पाहिजे. धार आली नाही किंवा नुसती ठिबकली तर लगेच बंद. आत पाणी ओढणारा रबरी इम्पेलर असतो, त्याच्या पाकळ्या बरेच दिवस एकाच जागी दबून राहिल्या की वाकड्या होऊन बसतात. आजोबांनी शेवटचा कधी बदलला हे तुला माहीत नाही, म्हणून धार चांगली आली तरी नवीन टाकून घे आणि तारीख मोटरच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेव. पुढच्या वेळी तुलाच बरं पडेल, मी दोन-तीन वर्षांनी बदलतो.

मोटर झाली, आता डेक. बूट काढ आणि अनवाणी टाचा आपटत सगळीकडे फिर, हो, शेजारी बघतील, बघू देत. कार्पेटखाली किंवा व्हिनाइलखाली प्लायवूड असतं, ते कुजतं ते दारांपाशी, सोफ्यांच्या खाली आणि मोटरच्या आजूबाजूला. टाच दबली, ओल्या ब्रेडसारखं वाटलं, तर तिथलं प्लाय गेलं. एखादा तुकडा असेल तर या सिझनला चालून जाईल, तीन-चार ठिकाणी असेल तर हिवाळ्यात पूर्ण डेक काढायची तयारी ठेव. आणि बदलताना मोठ्या दुकानातलं हिरवट ट्रीटेड लाकूड आणू नकोस, ओल लागली की त्यातलं तांबं खालचं अॅल्युमिनियम खातं. मरीन प्लायवूडच आण. सोफ्यांची झाकणं उघडलीस की उंदराचं घरटं सापडण्याची तयारी ठेव, शेडमध्ये दोन वर्षं म्हणजे सापडणारच. घरट्याची किळस येते ते ठीक, पण खरं बघायचं ते कुरतडलेल्या वायरी. संध्याकाळी अंधारात लाइट लावून बघ: पुढे डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे उंच पांढरा. यातला एक तरी लागत नसतोच.

ट्रेलरच्या टायरवर चार आकडी कोड असतो, समजा २३१४ असेल तर २०१४ चा तेविसावा आठवडा. टायर गोल-गोल नवे दिसले तरी इतके जुने असतील तर बदल, बोट वर्षातून चार वेळा चालते म्हणून खाचा झिजत नाहीत, रबर मात्र उन्हाने मरतं. आणि तुझ्याकडे मिनिव्हॅन असेल तर तिची ओढायची क्षमता बहुतेक ३५०० पौंडांच्या आसपास असेल. बोट, मोटर, ट्रेलर, भरलेली टाकी मिळून २२ फुटी सहज तिथे पोचते किंवा पुढे जाते. मित्राचा ट्रक माग, आमरस पाज.

सामानात माणशी एक कोस्ट गार्ड अप्रूव्हड लाइफ जॅकेट लागतं आणि १६ फूट किंवा त्याहून लांब बोटीला फेकायचा एक फ्लोटपण. मिनेसोटात १० वर्षांखालच्या मुलांनी बोट चालू असताना जॅकेट अंगात घातलेलं असावं लागतं, नुसतं जवळ असून चालत नाही. सासू-सासऱ्यांना कायद्याने घालायची सक्ती नाही, पण पोहता येत नसेल तर घालायला सांग, आणि आधी तू स्वतः घाल म्हणजे ते घालतील. फायर एक्स्टिंग्विशरचं वर्ष त्याच्या बुडाशी किंवा लेबलवर बघ, न भरता येणारे असतात ते १२ वर्षांनी बाद. २००९ च्या बोटीबरोबर आलेला मूळचाच असेल तर गेला तो. आणि स्टिअरिंगपाशी लाल पिळाची दोरी असेल, ती स्वतःला अडकवायची, म्हणजे तू पडलास तर मोटर बंद पडते. २०२१ पासून अशा छोट्या बोटींवर स्पीडने जाताना ती लावणं फेडरल कायद्याने सक्तीचं आहे.

मग पहिली फेरी. मेमोरियल डेला मिनेटोंकाच्या बोटी उतरवायच्या रॅम्पवर लाइन लागलेली असते, मागे सात ट्रक उभे, आणि तू पहिल्यांदाच ट्रेलर रिव्हर्स घेतोयस, हे दृश्य सासऱ्यांपुढे नको. एखाद्या मंगळवारी सकाळी सुट्टी काढ, छोट्या तळ्यावर जा, फक्त तू आणि एक मित्र. काठाजवळच राहा. फुल स्पीडवरून थ्रॉटल हळूहळू कमी करून न्यूट्रलला आणलं की किती लांब घसरत जाते ते बघ, रिव्हर्समध्ये कशी वळते ते बघ, फुल थ्रॉटलला आरपीएम मोटरच्या कंपनीने सांगितलेल्या पट्ट्यात येतात का ते बघ. आणि एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव: समोरून मोठी लाट आली की घाबरून एकदम थ्रॉटल सोडायचा नाही. सोडलास की नाक खाली जातं आणि पाणी पुढच्या गेटातून आत येतं. आधीच हळू हो, पुढे बसलेल्यांना मागे बोलाव आणि लाटेला थोडं तिरकं घे. पुढच्या गेटाबाहेर पाय सोडून कोणालाही बसू द्यायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. तिथून पडलेला माणूस सरळ बोटीखाली आणि मग प्रॉपेलरकडे जातो.

काका, आमची पॉन्टून लिफ्टवरून पाण्यात उतरवली की डाव्या बाजूला थोडी कलते. नवरा म्हणतो जुनी आहे, असं असतंच. खरंच असतं का?
— वाचक, एडन प्रेरी

नाही हो ताई, असं नसतं. पण नवऱ्यावर लगेच चढू नका, आधी डाव्या बाजूला काय काय ठेवलंय ते बघा. बॅटरी, कूलर, अँकर, सगळं एकाच बाजूला असेल तरी कलते. ते हलवून बघा. तरी कलली तर डाव्या नळ्यात पाणी आहे.

पॉन्टूनचं तत्त्व तुम्हाला नव्याने सांगायला नको. आपल्याकडे दोन होड्या शेजारी-शेजारी बांधून वर फळ्या टाकतात तिला सांगड म्हणतात, आणि आम्ही सांगलीची मुलं कृष्णेच्या घाटावर पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलो. १९५१ साली इथल्याच रिचमंडजवळच्या ॲम्ब्रोस वीअर्स नावाच्या शेतकऱ्याने लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून, अशा दोन रांगांवर लाकडी डेक ठोकला, तिथून ही बोट निघाली. म्हणजे डबाच तो. आणि डब्याला भोक पडलं की काय होतं ते घाटावरच्या प्रत्येक पोराला माहीत असायचं.

आता नळे अॅल्युमिनियमचे असतात आणि बहुतेकांच्या आत आडव्या भिंती घालून कप्पे केलेले असतात, त्यामुळे लगेच बुडत वगैरे नाही. पण २० गॅलन पाणी म्हणजे १६५ पौंडांच्या वर, म्हणजे एक न दिसणारा पाहुणा कायम डाव्या बाजूला बसलेला. बोट ट्रेलरवर घ्या, मागचा भाग खाली करा, नळ्याच्या मागच्या टोकाला ड्रेन प्लग असेल तर काढा आणि किती येतं ते बादलीने मोजा. कपभर आलं तर आतला दमटपणा, सोडून द्या. बादल्या भरल्या तर भोक किंवा वेल्डला केसासारखी चीर आहे. शोधायची पद्धत सायकलच्या पंक्चरसारखीच, आत थोडी हवा आणि बाहेरून साबणाचं पाणी ब्रशने, बुडबुडे आले की खूण करा. पण हवा २-३ पीएसआयच्या वर अजिबात नाही! नळा इतका मोठा असतो की एवढ्याशा दाबानेही टोकाच्या झाकणावर प्रचंड जोर येतो, गॅरेजमधला कॉम्प्रेसर लावून विसरलात तर नळा फुगून फाटतो. सायकलचा हातपंप बरा. मग अॅल्युमिनियम वेल्डिंग करणाऱ्याकडे न्या. सिलिकॉन फासून काम भागवू नका, आमच्या ओळखीतल्या एकाने फासलं, वेल्डरने ते खरवडायचेच वेगळे पैसे घेतले.

काका, बोट चालवायला जमते, डॉकला, म्हणजे धक्क्याला लावायला जमत नाही. वारा असला की दुसरीकडेच जाते. गेल्या रविवारी शेजाऱ्याच्या डॉकला घासली, बायको तेव्हापासून मोजकंच बोलते.
— एक वाचक, व्हाइट बेअर लेक

घासलीच ना, धडकली नाही ना? मग तुम्ही माझ्यापेक्षा पुढे आहात. मी पहिल्या वर्षी सरळ नाकाने डॉकमध्ये घातली होती, चिवड्याचा डबा पुढच्या सोफ्यावरून उडाला आणि तळ्यातल्या बदकांची दिवाळी झाली.

पॉन्टून पाण्यात बुडते थोडी आणि वर असतो सगळा पसारा, कठडा, सोफे, त्यावर बिमिनीचं, म्हणजे घडीचं कापडी छत. म्हणजे शिडाची होडीच, फक्त शीड काढता येत नाही. म्हणून आधी छत खाली करा. मग जमेल तिथे वाऱ्याकडे तोंड करून या, वारा मागून असला की तो तुम्हाला ढकलतो आणि ब्रेक तर नाहीच. पट्टीचे लोक गिअर टाकतात, एक सेकंद, न्यूट्रल, परत एक सेकंद, असे येतात, स्पीड डॉकला जितक्या जोरात आपटायची तयारी आहे तेवढाच. आधी स्टिअरिंग फिरवायचं, मग गिअर टाकायचा, सगळे उलटं करतात. डॉकच्या जवळ तिरके आलात की स्टिअरिंग डॉककडे फिरवा आणि थोडा रिव्हर्स द्या, मागचा भाग आपोआप डॉककडे ओढला जातो आणि बोटही थांबते. हे एकदा जमलं की फार मजा येते, उगाच दोनदा करून दाखवावंसं वाटतं. फेंडर, म्हणजे बोट घासू नये म्हणून मधे येणारे फुगे, आधीच बाहेर लटकवा. आणि घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवा की कोणी हात-पाय बाहेर काढून बोट अडवायची नाही. बोटीला ओरखडा आला तर येऊ दे.

चुकलं तर परत बाहेर जा, गोल फिरून या. यात लाज काही नाही, लाज वाटते म्हणूनच लोक चुकलेल्या कोनातून रेटत येतात. एकदा बायकोला चालवायला द्या, तुम्ही दोरी धरा. बोलणं सुरू होईल.

काका, दोन छोटे प्रश्न. मुलगा कॉलेजात आहे, २००५ चा जन्म, तो बोट चालवू शकतो का? आणि नारळ कुठे फोडायचा? सासूबाई म्हणतात नारळी पौर्णिमेला तळ्यात सोडूया.
— वाचक, वुडबरी

मुलाला परमिट लागेल. १ जुलै २०२५ पासून मिनेसोटात १ जुलै २००४ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना मोटरबोट चालवायला ते लागतं, ऑनलाइन कोर्स करून मिळतं, आणि ही मर्यादा दरवर्षी मागे जात २०२८ मध्ये १९८७ पर्यंत जाणार आहे, म्हणजे तुमच्या ओळखीतल्या बऱ्याच आयटीवाल्यांनाही परीक्षा द्यावी लागेल.

नारळ तळ्यात सोडू नका, इथे तो कचरा धरतात. तसंही हे लोक तळ्यात बाहेरचं काही जाऊ नये म्हणून फार जागरूक आहेत, झेब्रा मसल नावाच्या शिंपल्यांनी बरीच तळी खराब केलीत. तळ्यावरून निघताना सगळे ड्रेन प्लग काढायचे, मोटर खाली करून आतलं पाणी गळू द्यायचं, गवत काढायचं, आणि प्लग काढलेलेच ठेवून घरी यायचं, हा इथला कायदा आहे. नारळ घरी ड्राइव्हवेवर फोडा, पाणी नळ्यांवर शिंपडा, खोबरं खा. अॅल्युमिनियमच्या नळ्यावर आपटू नका, पोचा पडतो. आणि सासूबाईंना सांगा की हळदकुंकू सोफ्याला लावू नका, व्हिनाइलला लागलेली हळद जात नाही, माझ्या सीटवर सात वर्षं झाली तरी बोटं उमटलेली आहेत. लावायचंच तर ट्रेलरच्या लोखंडाला लावा.